पायाचे दुखणे अंगावर काढू नका

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज पायांवर बोलणार आहे. पायांचा आणि शाळेचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. हजेरीपत्रक हाती असलेल्या कोणत्याही शिक्षकाला तो ठाऊक असतो. घरातल्या आईचा पाय सुजला, घोट्यावरची जखम चिघळली आणि तिने अंथरूण धरले, की दुसऱ्या दिवशी पहिली गैरहजेरी लागते ती त्या घरच्या मुलीची. पाणी कोण भरणार? भाकरी कोण थापणार? धाकट्याला कोण सांभाळणार? बापाचा पाय गेला, तर मुलगा वही-पुस्तक ठेवून गॅरेजवर किंवा हॉटेलात कामाला लागतो. म्हणून पायांच्या शिरा हा विषय दवाखान्याइतकाच आपल्या शाळेचाही आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी बी. ए., बी. एड्. झालेला शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. औषधाचे नाव मी सांगणार नाही, कोणाच्या पायाचे निदानही करणार नाही. लोक या दुखण्याविषयी वारंवार जे प्रश्न विचारतात, त्यांची आज जी उत्तरे सर्वमान्य आहेत, ती सोप्या भाषेत मांडावीत एवढाच माझा हेतू आहे.

शिरा फुगतात तरी का?

आपल्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. हृदय ते रोहिण्यांतून साऱ्या शरीरात ढकलते आणि नीलांतून ते परत हृदयाकडे येते. या नीलांनाच आपण बोलण्यात शिरा म्हणतो. पायाकडे रक्त जाणे सोपे आहे, कारण मागे हृदयाचा जोर असतो. पायाकडून वर येणे अवघड, कारण तो चढ आहे. मग ते चढते कसे?

आपल्याकडे बहुतेकांनी विहिरीवरची मोटार पाहिली आहे. पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ द्यायचे आणि खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. तो गळका झाला की चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते आणि मोटार नुसती फिरत राहते. आपल्या पायांच्या शिरांत असे फूटव्हॉल्व्ह थोड्या थोड्या अंतरावर बसवलेले आहेत. त्यांना झडपा म्हणतात. आणि मोटार कोणती? आपली पोटरी. आपण पाऊल टाकले की पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात.

माणूस नुसता उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतील दाब सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तोच चालू लागला की निरोगी पायात हा दाब ३० च्या आसपास उतरतो. चालण्याचा एवढा प्रताप आहे! झडपा गळक्या झाल्या म्हणजे चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. रक्त खाली साचते, शिरा ताणल्या जातात, वेड्यावाकड्या होऊन कातडीखाली गांडुळासारख्या दिसू लागतात. डॉक्टर यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

हे कोणाला होते? ज्याच्या आई-वडिलांना होते त्याला होण्याचा संभव अधिक. स्त्रियांना गरोदरपणी होते. वय आणि वजन वाढल्यावर होते. आणि ज्यांना तासन् तास एका जागी उभे राहावे लागते, त्यांना त्याचा जाच फार होतो. भट्टीपुढे उभा राहणारा आचारी, केस कापणारा कारागीर, दुकानातला नोकर, चौकातला पोलीस आणि फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक, हे सारे त्यात आले. आचाऱ्याच्या बाबतीत उभे राहणे आणि उष्णता दोन्ही एकत्र येतात. उष्णतेने शिरा आणखी सैल पडतात.

ही समज माणसाला सहजासहजी आलेली नाही. अल्-जहरावी या कॉर्डोव्हाच्या शल्यवैद्याने सुमारे १,००० वर्षांपूर्वी आपल्या 'अल्-तसरीफ' या ग्रंथात पायाच्या फुगलेल्या शिरांवरील शस्त्रक्रिया वर्णन केली. इब्न अल्-नफीस या वैद्याने १२४२ साली लिहिले, की रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे जाते ते फुप्फुसांतून जाते. त्याचे हे लिखाण पुढे विस्मरणात गेले आणि १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टराला पुन्हा सापडले. इटलीत फॅब्रिशियसने १६०३ मध्ये शिरांतील झडपांचे वर्णन छापले. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. त्याने १६२८ मध्ये रक्त शरीरभर फिरून परत हृदयाकडे येते हे सिद्ध केले. गुरूने झडप पाहिली, ती कशासाठी आहे हे शिष्याने ओळखले. विद्या अशी हातोहात पुढे जाते.

आता आपल्या शंका एकेक करून घेऊ.

ही शीर फुटून माणूस दगावेल का?

बहुसंख्य लोकांना या शिरांपासून जिवाचा धोका नसतो. पाय जड होणे, संध्याकाळी घोट्याशी सूज येणे, रात्री पोटरीत वांब येणे, खाज सुटणे, हीच लक्षणे अधिक. बारीक निळ्या-तांबड्या रेषांचे जाळे दिसते, ते तर बहुधा निरुपद्रवीच असते. मात्र फुगलेल्या शिरेवरची कातडी पातळ होऊन ठेच लागली, तर रक्त जोरात वाहते. अशा वेळी घाबरून माणसाला उभे ठेवू नका, खुर्चीवर बसवू नका. त्याला आडवा निजवा, पाय उंच धरा आणि स्वच्छ फडके जखमेवर ठेवून हाताने दहा-पंधरा मिनिटे एकसारखे दाबून धरा. वर दोरी आवळून बांधू नका. त्याने परतीची वाट अडते आणि रक्त अधिकच वाहते. रक्त थांबल्यावर दवाखाना गाठा.

हे अशुद्ध रक्त आहे, ते काढून टाकले तर?

शाळेच्या पुस्तकात आपण 'अशुद्ध रक्त' हा शब्द वाचलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच, की त्या रक्तातला प्राणवायू कमी झालेला आहे. ते नासलेले किंवा विषारी नसते. फुप्फुसांत जाऊन तेच रक्त पुन्हा ताजे होते. म्हणून फासण्या टाकून किंवा ब्लेडने चिरून ते बाहेर काढल्याने झडप काही दुरुस्त होत नाही. जखम मात्र नवी होते, आणि अशा पायावरची जखम लवकर भरत नाही. दोष झडपेत आणि उपाय कातडीवर, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तेल लावून चोळावे का?

हलक्या हाताने तेल लावले तर कातडी मऊ राहते, एवढा उपयोग आहे. जोराने रगडू नये. आणि एक गोष्ट अगदी ध्यानात ठेवा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, हाताला गरम लागली, तर तो पाय मुळीच चोळू नका. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा तो संभव असतो. बाळंतपणानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, पाय प्लॅस्टरमध्ये असताना, किंवा माणूस फार दिवस अंथरुणाला खिळला असताना अशी गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर धाप लागते, छातीत दुखते आणि प्राणावर बेतते. अशा रुग्णाला त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात न्यावे. 'सकाळी बघू' म्हणू नये.

घोट्यावरची जखम वर्षानुवर्षे का भरत नाही?

पायाच्या आतल्या बाजूस, घोट्याच्या थोडे वर, आधी कातडी काळवंडते, कडक होते, खाज सुटते आणि मग एक दिवस तिथे जखम पडते. आमच्या बायका तिच्यावर काय काय लावतात! हळद, चुना, तंबाखू, मोरचूद, चुलीतली राख. वरून लुगड्याची चिंधी. जखम न भरण्याचे कारण शिरेतला दाब आहे आणि तो कोणत्याही लेपाने कमी होत नाही. पाय उंच ठेवून विश्रांती घेणे आणि डॉक्टरांकडून बोटांपासून गुडघ्यापर्यंत दाबपट्टी व्यवस्थित बांधून घेणे, हा खरा इलाज. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. पुष्कळ जण पंधरा दिवसांत कंटाळून पट्टी सोडतात आणि मग 'काही गुण आला नाही' म्हणतात.

ऑपरेशनने शीर काढली तर पायाला रक्त कसे मिळेल?

हा प्रश्न फार विचारला जातो आणि त्यापायी अनेक जण वेळेवर इलाज करून घेत नाहीत. पायातले बहुतेक सारे रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जाते. कातडीखालच्या फुगलेल्या शिरांचा वाटा थोडा, आणि तोही बिघडलेला. ती शीर बंद केली तर रक्त चांगल्या वाटेने जाऊ लागते. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत की नाहीत हे आधी पाहावे लागते. त्यासाठी डॉपलर सोनोग्राफी करतात. तिला ना सुई ना चिरा, ती दुखतही नाही. पूर्वी शीर ओढून काढीत. ती पद्धत आजही आहे, पण आता लेसरने किंवा विद्युत्-लहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करता येते, फेसाचे इंजेक्शन देऊनही करता येते. बऱ्याच रुग्णांना त्याच दिवशी घरी सोडतात. पुढे काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते, हेही खरे. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला अवश्य विचारा. विचारण्याला पैसे पडत नाहीत.

गरोदरपणी शिरा फुगल्या तर?

घाबरू नये. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्या पुष्कळशा ओसरतात. तोवर डाव्या कुशीवर निजावे, पाय उंचावर ठेवावेत, एका जागी फार वेळ उभे राहू नये. एकच पाय सुजून दुखू लागला, तर मात्र वर सांगितले तसे तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

हे झाले परतीच्या वाटेचे दुखणे. आता जाण्याच्या वाटेचे ऐका, कारण पाय जातो तो बहुधा या दुसऱ्याने जातो.

रोहिणी अरुंद झाली तर पायाला रक्त पोहोचतच नाही. त्याची खूण अशी : ठराविक अंतर चालले की पोटरीत कळ येते, दोन मिनिटे थांबले की जाते, पुन्हा चालले की पुन्हा येते. पाय गार पडतो. बोटांवरचे केस गळतात. पुढे रात्री निजल्यावरही बोटे ठणकतात आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरे वाटते. शिरांच्या दुखण्यात पाय वर घेतला की आराम पडतो, रोहिणीच्या दुखण्यात खाली सोडला की आराम पडतो. हा फरक प्रत्येकाने पाठ करावा. आणि म्हणूनच दाबाचे मोजे किंवा घट्ट पट्टी स्वतःच्या मनाने विकत आणून घालू नये. रोहिणी अरुंद असलेल्या पायाला अशी पट्टी बांधली, तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटेल. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला, की डॉक्टरांना ते कळते.

रोहिणी का बिघडते? तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातील चरबी, ही मुख्य कारणे. तंबाखूचा तर एक स्वतंत्र रोगच आहे. लिओ ब्यूर्गर या डॉक्टराने १९०८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. तो होतो ऐन उमेदीतल्या, बहुधा पंचेचाळिशीच्या आतल्या माणसांना, आणि जवळजवळ सारे तंबाखूचे व्यसनी असतात. आपल्या देशात विडी ओढणारे त्यात पुष्कळ. आधी बोट काळे पडते, मग ते काढावे लागते, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. माणूस बोट गमावतो, पण विडी गमावत नाही! या रोगावर तंबाखू पूर्ण बंद करण्याइतके मोठे औषध नाही. 'दिवसाला दोनच ओढतो' हे इथे चालत नाही. विडी सोडून तोंडात तंबाखूचा बार भरला, किंवा मिश्री लावत राहिले, तर सुटका नाही. तरुण वाचकहो, घरातल्या कर्त्याचा पाय वाचवायचा असेल, तर दुकानातून त्याची विडी आणून देण्याचे काम आजपासून नाकारा.

मधुमेहाचा मार दुहेरी असतो. रोहिणी अरुंद होते आणि पायाची जाणीवही जाते. चप्पल तुटून खिळा रुतला तरी कळत नाही. म्हणून मधुमेही माणसाने अनवाणी फिरू नये. पाण्याची ऊब आधी कोपराने पाहावी, शेकण्यासाठी गरम वीट किंवा गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये, कुरूप ब्लेडने कापू नये, रोज तळवा पाहावा. दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवाला सांगावे. आपल्याकडे नमाजी माणसाचा पाय वजूच्या वेळी दिवसातून पाच वेळा स्वतःच्या हाताखालून जातो. त्याच वेळी बोटांच्या बेचक्यांत भेग, फोड, ओलसरपणा आहे का, हे पाहावे आणि पाय धुतल्यावर बेचके कोरडे पुसावेत. मिनिटभराचे काम आहे, पण त्यात पाय वाचतो.

आता जे सर्वांत नाजूक, त्याविषयी. आपल्या स्त्रिया पाय दाखवत नाहीत. पुरुष डॉक्टरापुढे गुडघ्यापर्यंत कपडा वर करायचा म्हणजे अब्रू गेली, असे वाटते. अम्मी दहा वर्षे लंगडत असते आणि मुलाला वाटते, वयाने होत असेल. लाजेचा मान ठेवूनही मार्ग निघतो. स्त्री डॉक्टरांची वेळ विचारून जावे. सून, मुलगी किंवा नवरा सोबत असावा. तपासण्यापुरताच भाग उघडा करण्याची विनंती करावी. कोणताही शहाणा डॉक्टर ती मानतो. पण पाय दाखवायचाच नाही, ही लाज पुढे कुबडीवर नेते.

आणि हे आपल्या जामखेडला कोणी शिकवायला नको. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्याच, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये गेले. त्यांचे काम पाहायला आणि शिकायला देशोदेशीचे लोक जामखेडला येत राहिले. त्याच प्रकल्पात पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाय तयार करून बसवण्याचेही काम झाले आहे. त्या पायाने माणूस शेतात जातो, सायकल चालवतो. तरीही देवाने दिलेला पाय तो देवाने दिलेलाच. आरोळे दांपत्याच्या कामातला धडा मला असा दिसतो, की आरोग्याचे ज्ञान दवाखान्याच्या भिंतीत कोंडून राहू नये. अक्षर न येणारी बाई ते शिकून दुसरीला शिकवू शकली, मग आपली सातवी-आठवीची मुले का शिकणार नाहीत?

शेवटी, ज्यांचे पाय अजून धड आहेत त्यांनी काय करावे? तासन् तास उभे राहायचे काम असेल, तर दर थोड्या वेळाने टाचा वर-खाली कराव्यात, चार पावले टाकावीत. शिक्षक बांधवांनो, वर्गात फिरत शिकवा. मुलांचेही लक्ष राहील आणि पोटरीही चालेल. बसून काम करणाऱ्या शिंप्याने अधूनमधून उठावे. रोज अर्धा तास चालावे. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे पाय उशीवर, छातीपेक्षा वर ठेवून पडावे. डॉक्टरांनी मोजे दिले असतील, तर ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज येण्याआधी घालावेत. वजन आवरावे. तंबाखूला घरात थारा देऊ नये.

शिक्षक आहे, म्हणून स्वाध्याय दिल्याखेरीज माझे भाषण संपत नाही. विद्यार्थ्यांनो, आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय चेपायला बसा. आजी, अम्मी, अब्बा, कोणीही असोत. आधी विचारा, एकच पाय सुजून दुखतो आहे का. तसे असेल तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. नसेल तर हलक्या हाताने चेपताना नीट पाहा : घोट्याशी काळा डाग आहे का, बोटाचा रंग बदलला आहे का, पाय गार आहे का, तळव्याला न दुखणारी जखम आहे का. चौघांपैकी एक जरी खूण दिसली, तर उद्या शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण त्यांना दवाखान्यात घेऊन जा. त्या दिवशीची हजेरी तुमचे गुरुजी खुशाल लावतील.